चढ आणि इंटरसेप्ट घेऊन रेषेचा आलेख: पोरं नेमकी कुठे अडकतात?

घाटंजीकडची

नमस्कार मंडळी. शिकवणीतली काही पोरं दहावी होऊन पॉलिटेक्निकला चालली, काही अकरावी सायन्सला. कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्यांचं चढ आणि इंटरसेप्ट वापरून आलेख काढणं पक्कं करून घ्यायचं आहे. पंचाईत अशी, की दहावीत आलेख गणित भाग एकमध्ये येतो आणि चढ भाग दोनमध्ये. पुस्तकं वेगळी, पेपरही वेगळे. आलेख म्हटलं की पोरं क्षला ०, १, २ देऊन तक्ता करतात, चढ म्हटलं की दोन बिंदूंचं सूत्र लिहितात. दोन्ही एकाच रेषेबद्दल चाललंय हे त्यांना कुणी जोडूनच दिलेलं नाही.

(इथे एक्सच्या जागी क्ष आणि वायच्या जागी य लिहिते. चढ म्हणजे एक एकक उजवीकडे गेल्यावर रेषा किती वर किंवा खाली जाते ते. छेद म्हणेन तेव्हा अपूर्णांकाचा छेद. रेषा अक्षाला कापते त्याला इंटरसेप्टच म्हणते, नाहीतर घोळ होतो.)

वह्यांमध्ये सापडणाऱ्या चुका अशा. २क्ष + ३य = १२ दिलं तर चढ २ लिहितात, कारण "क्षचा सहगुणक म्हणजे चढ" एवढंच पाठ. चढ −२/३ बरोबर काढला तरी टिंब मांडताना खालीही जातात आणि डावीकडेही, मग उतरायची ती रेषा चढून बसते. ३क्ष + ५य = ७ सारखं काही आलं की इंटरसेप्ट १.४ आणि २.३३ येतात आणि टिंब अंदाजपंचे पडतं. क्ष = ४ चा चढ निम्मे जण शून्य सांगतात. आणि कागदावर १ सेंमी = ५ असं काही प्रमाण घेतलं की सगळंच बिघडतं; चौकोन मोजायचे आणि तोच चढ लिहून मोकळं व्हायचं.

शिकवायचा क्रम कसा ठेवावा? उदाहरणं शेताकडची असली तर बरं. मेट्रोचं तिकीट आणि मॉलमधली सूट आमच्या पोरांच्या काही कामाची नाही.

---

वर्धाकाठ

मॅडम, तुमच्या पहिल्या चुकीचं मूळ असं, की पोरं समीकरण जसं छापलंय तसंच वाचतात. य डाव्या बाजूला एकटा उभा राहिल्याशिवाय चढ वाचायचाच नाही, हे आधी बसवा. सुरुवातीचे एकदोन तास आलेख कागद बाहेरच काढू नका. नुसता य एकटा पाडायला लावा:

२क्ष + ३य = १२
३य = −२क्ष + १२
य = −(२/३)क्ष + ४

आता चढ −२/३ आणि य-अक्षावरचा इंटरसेप्ट ४. यात दोन ठिकाणी पाय घसरतो. २क्ष पलीकडे नेताना वजा चिन्ह सुटतं, ही चूक सगळ्यांना माहीत आहे. दुसरी जास्त होते आणि लवकर दिसत नाही: ३ ने भागताना फक्त क्षच्या पदाला भागतात, १२ तसाच राहतो. मग रेषेचा कल बरोबर, पण ती य-अक्षाला १२ वर कापते. बाजूच्या पोराच्या रेषेला समांतर येते म्हणून "थोडं इकडेतिकडे झालं असेल" म्हणून सोडून देतात. पडताळा अर्ध्या ओळीचा आहे: मूळ समीकरणात क्ष = ० टाका. ३य = १२, य = ४. जुळलं की पुढे चला.

यानंतर ३क्ष − ४य = २४ मुद्दाम द्या. −४य = −३क्ष + २४, म्हणून य = (३/४)क्ष − ६. चढ अधिक, इंटरसेप्ट वजा. "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं" एवढ्याच जोरावर चालणारी पोरं इथे हमखास सापडतात, कारण −४ ने भागताना दोन्ही पदांची चिन्हं पुन्हा बदलतात आणि ते विसरलं जातं. क्ष = ० टाकलं की −४य = २४, य = −६; य = ० टाकलं की क्ष = ८. रेषा (०, −६) वरून निघून (८, ०) वर येते, म्हणजे चढतेच. चिन्हाचा वाद तिथेच मिटतो.

आता टिंबं मांडणं. इंटरसेप्टपासून निघायचं. −२/३ मध्ये छेद म्हणजे आडवं चालणं, अंश म्हणजे उभं. शिस्त अशी ठेवा, की वजा चिन्ह नेहमी अंशालाच चिकटवायचं आणि आडवं नेहमी उजवीकडे जायचं. (०, ४) वरून ३ उजवीकडे, २ खाली: (३, २). पुन्हा ३ उजवीकडे, २ खाली: (६, ०). हे सहावरचं टिंब म्हणजेच क्ष-अक्षावरचा इंटरसेप्ट, तो वेगळा काढायची गरज पडली नाही. उजवीकडे कागद संपला तर दोन्ही दिशा एकदम उलटवायच्या: ३ डावीकडे, २ वर, (−३, ६). पोरं खाली आणि डावीकडे जातात तेव्हा एकच वजा चिन्ह दोनदा खर्च करतात. ते एकदाच खर्च करायचं आहे.

पट्टी ठेवायच्या आधी एक प्रश्न तोंडी विचारायचा: "रेषा डावीकडून उजवीकडे चढणार की उतरणार?" उत्तर आधी द्यायला लावा, मग रेघ ओढू द्या. उलटी रेषा काढणारं पोरगं इथे स्वतःच थांबतं.

---

चौफुली

मॅडम, प्रमाणाचं मी सांगतो. पोट्ट्यांनी पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर पाहिलेलंच आहे, तिथूनच उचला.

दोन ओळींतलं अंतर ४ फूट आणि ओळीतल्या दोन झाडांतलं २ फूट अशी लागवड धरा. एका झाडापाशी उभे राहा, एक ओळ ओलांडा आणि एक झाड पुढे जा. झाडं मोजली तर १ आडवं, १ उभं; चढ १ वाटतो. फुटांनी मोजलं तर ४ आडवं, २ उभं, चढ १/२. कागदावरचे चौकोन म्हणजे ही झाडं, आणि अक्षावर लिहिलेले आकडे म्हणजे फूट. चढ फुटांचा घ्यायचा असतो. ३ बाय ३ फुलीवर, म्हणजे दोन्हीकडे ३ फूट अंतराने, लावलेल्या वावरात दोन्ही हिशेब सारखेच निघतात, म्हणून तिथे चूक लपून राहते. शाळेत दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक असतं तेव्हाही तशीच लपते. प्रमाण बदललं की उघडी पडते.

आता उदाहरण. माल मार्केटला न्यायचा आहे. आकडे हिशेबापुरते सोपे धरले आहेत.

टेम्पो: ठोक ६०० रुपये, वर क्विंटलमागे ४० रुपये.
ट्रॅक्टर: ठोक १००० रुपये, वर क्विंटलमागे २० रुपये.

क्ष म्हणजे क्विंटल, य म्हणजे एकूण भाडं. टेम्पोची रेषा य = ४०क्ष + ६००, ट्रॅक्टरची य = २०क्ष + १०००. इथे चढ हा "क्विंटलमागे इतके रुपये" असतो आणि इंटरसेप्ट नुसते रुपये. पोट्ट्यांना प्रत्येक वेळी एकक बोलून दाखवायला लावा. "चढ चाळीस" म्हटलं तर अर्धं उत्तर. "क्विंटलला चाळीस रुपये" म्हटलं की त्याला कळलं आहे.

कागदावर आडवं १ सेंमी = ५ क्विंटल, उभं १ सेंमी = २०० रुपये घ्या. टेम्पोचं पहिलं टिंब ६०० वर, म्हणजे ३ सेंमी उंचीवर. ५ क्विंटल उजवीकडे गेलं की २०० रुपये वाढतात. कागदावर १ सेंमी आडवं, १ सेंमी वर. ट्रॅक्टर १००० वरून, म्हणजे ५ सेंमीवरून निघतो आणि दर सेंमीला अर्धा सेंमी चढतो. दोन्ही रेषा ४ सेंमी उजवीकडे, ७ सेंमी उंचीवर भेटतात: २० क्विंटल, १४०० रुपये. वीसच्या आत टेम्पो परवडतो, वीसच्या वर ट्रॅक्टर. भाग एकमधली एकसामयिक समीकरणं हीच, फक्त क्रेमरच्या पद्धतीऐवजी डोळ्यांनी सोडवली.

हिशेबाची पट्टी हवी असेल तर: कागदावरचा चढ = खरा चढ × (आडव्या १ सेंमीची किंमत) ÷ (उभ्या १ सेंमीची किंमत). टेम्पोला ४० × ५ ÷ २०० = १. ट्रॅक्टरला २० × ५ ÷ २०० = १/२.

टेम्पोची रेषा कागदावर बरोबर ४५ अंशात दिसते. एखादं हुशार पोट्टं म्हणेल, "सर, चढ म्हणजे टॅन थीटा, टॅन ४५ म्हणजे १, मग चढ १." टॅनचं सूत्र दोन्ही अक्षांचं प्रमाण आणि एकक एकच असेल तेव्हाच कोनमापकाने तपासता येतं. इथे एकीकडे रुपये आहेत, दुसरीकडे क्विंटल. कोनमापक पेटीतच ठेवा.

कापूस वेचणीच्या मजुरीचं उदाहरणही घ्या, पण वेगळ्या कारणासाठी. वेचणी किलोवर असते, ठोक काही नाही. किलोला १० रुपये धरले तर य = १०क्ष, इंटरसेप्ट शून्य, रेषा आरंभबिंदूतून. "दोन्ही अक्षांवरचे इंटरसेप्ट काढा आणि जोडा" ही पद्धत इथे फसते, कारण दोन्ही इंटरसेप्ट एकच टिंब आहे. चढ वापरूनच दुसरं टिंब काढावं लागतं: ५० किलो, ५०० रुपये.

---

घाटंजीकडची

झाडं आणि फूट फारच चपखल बसलं, भाऊ. वर्धाकाठ सर, "एकदाच खर्च करायचं" उद्याच वापरते.

३क्ष + ५य = ७ चं काय करावं? य = −(३/५)क्ष + १.४ इथवर पोरं येतात, पण १.४ वर टिंब मांडून पुढे ५ उजवीकडे ३ खाली मोजलं की −१.६, मग −४.६, सगळीच टिंबं चौकोनाच्या मध्ये पडतात. आणि बोर्डाच्या पेपरात अशा पद्धतीने काढलेला आलेख चालतो का? धाकटी बॅच यंदा दहावीला आहे.

---

रेघपट्टी

इंटरसेप्टपासूनच निघायला हवं असा कुठे नियम आहे? रेषेवरचं कोणतंही टिंब चालतं. पूर्णांकात येईल असं एक टिंब शोधा, मग चढाने पावलं टाका, पुढची सगळी आपोआप पूर्णांकातच पडतात.

३क्ष + ५य = ७ मध्ये यचा सहगुणक ५ आहे. क्षला ०, १, २, ३, ४ एवढ्या पाचच किमती देऊन पाहा, त्यातल्या एकीला ७ − ३क्ष ला ५ ने भाग जाणारच, कारण ३ आणि ५ मध्ये सामाईक अवयव नाही. ७, ४, १, −२, −५. क्ष = ४ ला जमलं, य = −१. टिंब (४, −१). आता चढ −३/५: ५ डावीकडे, ३ वर, (−१, २). आणखी एकदा, (−६, ५). तपासा: −१८ + २५ = ७. तीन टिंबं, एकही अंदाजाचं नाही.

सामाईक अवयव असला आणि उजवीकडच्या संख्येला त्याने भाग जात नसला, तर पूर्णांक टिंब मिळणारच नाही. शोधत बसू नका. २क्ष + ४य = ७ मध्ये डावी बाजू पूर्णांकांसाठी नेहमी सम, उजवी विषम. तिथे अर्ध्यावर जा: क्ष = ०.५ ला य = १.५. चढ −१/२, म्हणून पुढचं (२.५, ०.५), त्यापुढचं (४.५, −०.५). मिलिमीटरच्या कागदावर अर्धा चौकोन म्हणजे ५ मिमी, तो नेमका मांडता येतो. १.७५ वर टिंब देण्यापेक्षा हे बरं.

आता पेन्सिल. याकडे कुणी पाहत नाही आणि अर्धे मार्क इथेच जातात. दोन टिंबं जवळजवळ घेऊन रेघ लांब ओढली की चूक वाढत जाते. टिंबं २ सेंमी अंतरावर असतील आणि एक अर्ध्या मिलिमीटरने सरकलं असेल, तर १० सेंमीवर रेघ अडीच मिलिमीटर बाहेर. दोन रेषांचा छेदनबिंदू तिथे असेल तर उत्तर २ ऐवजी २.३ वाचलं जातं आणि पोरगं समीकरणात चूक शोधत बसतं. म्हणून य = (१/३)क्ष + २ असेल तर ३ उजवीकडे १ वर करून थांबू नका. ९ उजवीकडे, ३ वर जा, (९, ५). दोन्ही टोकांची टिंबं जोडा आणि मधलं (३, ३) रेघेवर पडतंय का ते पाहा. मधलं टिंब जोडायला नाही, झडतीला.

टिंब म्हणजे टोकदार एचबी पेन्सिलचा ठिपका, भोवती बारीक गोल. काही पोरं बॉलपेनने वाटाण्याएवढं टिंब देतात. त्याच्या कोणत्या कडेवरून रेघ जायची ते त्यांनाच माहीत नसतं. पट्टीची कड टिंबाला चिकटवू नका, पेन्सिलच्या टोकाची जाडी सोडून ठेवा.

बोर्डाचं: तक्ता द्याच. क्ष, य आणि क्रमित जोडी या तीन ओळी तपासणाऱ्याला दिसल्या पाहिजेत. तक्त्यात भरायची टिंबं कशी मिळवली हे कुणी विचारत नाही. चढाने काढलेली (४, −१), (−१, २), (−६, ५) हीच भरा. क्षला ०, १, २ दिल्याने आलेल्या अपूर्णांकांपेक्षा तक्ताही स्वच्छ दिसतो. कोपऱ्यात प्रमाण, अक्षांची नावं, प्रत्येक रेषेवर तिचं समीकरण आणि छेदनबिंदूचे निर्देशक, एवढं राहू देऊ नका.

---

संत्राबाग

वरच्या चर्चेत दोन गोष्टी सुटल्या आहेत. दोन्ही इंटरसेप्टच्याच.

पहिली, तोडलेला अक्ष. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं तापमान घ्या. सेल्सिअसवरून फॅरनहाइट काढायचं सूत्र: फॅ = (९/५)से + ३२. सरळ रेषा, चढ ९/५, इंटरसेप्ट ३२. पण मे महिन्यापुरता आलेख काढायचा तर से-अक्ष कुणी शून्यापासून घेणार नाही. २० पासून ४८ पर्यंत घेतो आणि सुरुवातीला वाकडीतिकडी खूण देतो. रेषा आता कागदाच्या डाव्या कडेला ६८ वर भेटते. पोरं ६८ इंटरसेप्ट लिहितात. डावी कड हा य-अक्ष नाही, ती से = २० ची उभी रेघ आहे. इंटरसेप्ट म्हणजे से शून्य असतानाची किंमत, मग तो शून्य कागदावर असो नसो. त्यासाठी मागे चालायचं: २० वरून ० वर यायला ५-५ ची चार पावलं, प्रत्येकी ९ खाली, ६८ − ३६ = ३२. ४५ अंशाला ११३ येतं, तेही पावलांनी तपासता येईल: ६८ अधिक पाच पावलं, ६८ + ४५ = ११३.

दुसरी, टप्प्याटप्प्याच्या दराची. घरगुती लाइट बिल एका रेषेत बसत नाही. सोपे आकडे धरू (खरे दर बिलाच्या मागे पाहा): स्थिर आकार १३०, पहिल्या १०० युनिटला ५ रुपये दराने, त्यापुढच्या प्रत्येक युनिटला १०. शंभरपर्यंत य = ५क्ष + १३०, शंभरला बिल ६३०. पुढे (१००, ६३०) वरून निघायचं आणि दर युनिटला १० चढायचं: य = ६३० + १०(क्ष − १००), म्हणजे य = १०क्ष − ३७०.

इथे वर्गात गलका होतो: "इंटरसेप्ट −३७०? बिल वजा कसं येईल?" ती दुसरी रेषा शंभराच्या डावीकडे अस्तित्वातच नाही. −३७० हा ती रेषा मागे वाढवली असती तर कुठे लागली असती तो आकडा, कुणाचं बिल नव्हे. आलेखात तो तुकडा तुटक रेघेने दाखवा आणि शंभरापासून गडद करा. फलन (फंक्शन) म्हणजे नुसतं सूत्रच नाही, सूत्र कुठून कुठपर्यंत लागू आहे हेही त्यातच आलं, ते या एका आकृतीत दिसतं. अकरावीला ही ओळख उपयोगी पडेल.

चूक कोणती होते तेही सांगतो. १२० युनिटला पोरं १२० × १० + १३० = १३३० काढतात, जणू टप्पा ओलांडला की सगळ्याच युनिटला नवा दर. आलेखात हे लगेच दिसतं, कारण रेषा शंभरापाशी उडी मारते. बरोबर उत्तर ८३०. रेषा शंभरापाशी मोडते, पण तुटत नाही.

पॉलिटेक्निकवाल्यांसाठी जाता जाता: ओहमच्या प्रयोगात विभवांतर उभ्या अक्षावर आणि विद्युतधारा आडव्या अक्षावर घेतली तर चढ म्हणजे रोध. अक्ष उलटे घेतले तर चढ म्हणजे १ भागिले रोध, आणि पोरं तोच रोध म्हणून लिहितात. चढासाठी टिंबं तक्त्यातली घेऊ नका, ओढलेल्या रेषेवरची लांब लांबची घ्या: (०.१, ०.५) आणि (०.५, २.५) असतील तर २.० ÷ ०.४ = ५ ओहम.

---

घाटंजीकडची

बिलाचं उदाहरण मोठ्यांनाही लागू पडतंय, १३३० वाला हिशेब मी घरोघरी ऐकला आहे.

शेवटचं विचारते. एक, क्ष = ४. दोन, विहिरीचं उदाहरण घ्यावं म्हणते: पंप सुरू केला की पाणी उतरत जातं, उतरती रेषा म्हणून. पण ती खरंच सरळ येते का?

---

वर्धाकाठ

क्ष = ४ साठी दोन टिंबं घ्यायला लावा, (४, १) आणि (४, ६). चढाच्या सूत्रात अंश ५, छेद ४ − ४ = ०. शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवताच येत नाही. शून्य चढ आडव्या रेषेचा, य = ३ चा; तिथे अंश शून्य असतो, छेद नाही. दोन्ही शेजारीशेजारी फळ्यावर मांडा. क्ष = ४ हे फलनही नाही: चार या एकाच किमतीला यच्या वाटेल तेवढ्या किमती. य एकटा पाडायला सांगून पाहा, समीकरणात य नाहीच, पाडणार काय!

---

चौफुली

विहिरीचं उदाहरण घ्या, पण आकडे नीट बांधून घ्या.

६ मीटर व्यासाची गोल, सरळ बांधणीची विहीर. तिच्या पाण्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ ३.१४ × ३ × ३, साधारण २८.३ चौरस मीटर. पंप ताशी १८,००० लिटर, म्हणजे १८ घनमीटर उपसतो. झरा मुळीच नसेल तर पातळी ताशी १८ ÷ २८.३ = ०.६४ मीटर उतरेल. झरा ताशी ४ घनमीटर भरत असेल तर उपसा निव्वळ १४, पातळी ताशी ०.५ मीटर. सुरुवातीला ८ मीटर पाणी असेल तर उंची = ८ − ०.५ × तास. उभा इंटरसेप्ट ८ मीटर, चढ −०.५ मीटर दर तासाला, आडवा इंटरसेप्ट १६ तास.

हेच पाणी कठड्यावरून दोरी सोडून मोजलं तर चिन्ह उलटतं. विहीर कठड्यापासून १४ मीटर खोल धरली तर सुरुवातीला दोरी ६ मीटरवर ओली होते: खोली = ६ + ०.५ × तास. पाणी तेच, चढ आता अधिक. पोट्ट्यांनी मोजायला कुठून सुरुवात केली ते आधी लिहायला लावा, नाहीतर दोघांच्या वह्या उलट आणि दोघंही बरोबर.

सरळ येते का? झरा एकसारखा असेल तरच. पाणी स्थिर असतं तेव्हा झरा जवळपास बंद असतो. पातळी जितकी खाली जाईल तितका तो जोर धरतो. म्हणून दर दोन तासांनी मोजलं तर ८.०, ६.८, ५.७, ४.७, ३.८ असं काहीतरी मिळेल. दोन-दोन तासांचे चढ काढा: −०.६, −०.५५, −०.५, −०.४५. चढ बदलतो आहे, म्हणजे रेषा नाही, वक्र आहे, आणि खाली जाताना सपाट होत चालला आहे. पहिल्या दोन तासांवर पट्टी ठेवून पुढे वाढवली तर ती सांगेल की १३ तासांच्या थोडं पुढे विहीर कोरडी. वक्र तिथे अजून पाणी दाखवत असेल. आठ तासांची सरासरी काढली तर ४.२ ÷ ८, म्हणजे ताशी ०.५२ च्या आसपास. आपली ०.५ ची रेषा या सरासरीच्या जवळची आहे, एवढंच तिचं काम. तेवढं पोट्ट्यांना सांगून टाका.

आणि १६ तासांचा तो आडवा इंटरसेप्ट कागदावरच. फुटव्हॉल्व (पंपाच्या पाइपच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून मीटरभर वर धरा. पाणी १ मीटरवर आलं की पंप हवा ओढतो. त्याच रेषेवर ते १४ व्या तासाला होतं. रेषा (१४, १) पर्यंत गडद ओढा, पुढची तुटक.